मातीचं विरजण

१

त्या दिवशी सकाळी धुई अशी दाट पडली होती की शेलूबाजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचे नुसते आवाज येत होते, ट्रक दिसत नव्हते. थंडी पौषातली. वारा नाव घ्यायला नाही. तुरीच्या ओळी, नाल्याकाठच्या बाभळी, पाण्याच्या मोटारीची खोली, सगळं पिंजलेल्या कापसात बुडून गेलं होतं. दौलतराव दोन वावरांमधल्या धुऱ्यावर गोणपाट टाकून बसला होता. विळा मांडीशी, हात घोंगडीत.

बसायचं कारण साधं होतं. ओल्या पाल्याला विळा लावायचा नाही, हा त्याचा जुना नेम. दव अंगावर असताना कापलेली भाजी दुपारपर्यंत जुडीतच काळी पडते. म्हणून उन्हं वर येऊ द्यायची, पानं कोरडी होऊ द्यायची आणि मग कापायचं. अशी वाट बघण्यात त्याची सगळी उमर गेली होती, आणि त्याला तिचा कंटाळा कधी आला नव्हता.

धुऱ्याच्या या अंगाला त्याचे आंबटचुक्याचे वाफे, त्या अंगाला मारोतरावचे. दोघं एका वयाचे, एकाच नाल्याचं पाणी पाजणारे, एकाच बाजारात शेजारी शेजारी पोतं अंथरणारे.

बसल्या बसल्या त्याला आवाज आला. टण्.

थोडं थांबून पुन्हा. टण्.

पानावरून दव गळतं त्याला आवाज नसतो. असला तरी तो मातीत मिटून जातो. हा आवाज स्टीलच्या ताटलीत थेंब पडावा तसा होता, बारीक आणि स्वच्छ, आणि तो मारोतरावच्या खालच्या तुकड्याकडून येत होता. दौलतरावनं आपल्या वाफ्याकडं कान दिला. इकडंही दव गळत होतं, पण मुकं. म्हातारपणी कान वाजतात, असं त्यानं मनाला सांगितलं. पण वाजणारे कान दोन्ही अंगाला वाजायला पाहिजेत. हे एकाच अंगाला वाजत होते.

"बसले का, दौलतराव, का झोपले?" धुईतून मारोतरावचा आवाज आला.

"बसलो. तुमची धुई जरा आवरा, मंग कापतो."

"माही धुई? माह्या वावरातून निघून राह्यली का ते?"

"तुमच्या खालच्या तुकड्यातून काय निघन अन् काय नाई, कोनाले भरोसा." दौलतराव हसला. मग सहज म्हणून विचारलं, "तिकडं पाल्यात ताटं-गिटं ठेवले का काही? थेंब वाजून राह्यले."

पलीकडं पाल्यातून पावलं सरकली. मारोतराव गेला की काय असं वाटायला लागलं, तेव्हा तो अगदी जवळून बोलला.

"तुमालेबी आइकू येते का? मले वाटलं, मलेच येते."

२

खालचा तुकडा म्हणजे एके काळी मारोतरावचं रडगाणं होतं. नाल्याला लागून खोलगट जागा, पावसाळाभर पाणी तुंबायचं, तण सोडून काही उगवायचं नाही. दौलतराव त्याला म्हणायचा, म्हैस घ्या अन् बसवा तिथं. मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. कामवाल्यांना उकरलेली माती टाकायला जागा पाहिजे होती, मारोतरावला खड्डा बुजवायचा होता. ट्रक आले, भराव पडला, तुकडा वर आला. राखेच्या रंगाची माती. त्यात काय होणार, असं दौलतराव मनात म्हणाला होता. खरं सांगायचं तर होऊ नये असंही म्हणाला होता.

आणि त्या मातीत आंबटचुका असा आला, की बघत राहावं. पान तळहातापेक्षा मोठं, जाड, देठ बोटासारखे. कापला की पुन्हा फुटायचा.

दौलतरावच्या हातची भाजी ही त्या बाजारातली पहिली भाजी होती. पहिली म्हणजे गिऱ्हाईक आधी त्याच्याकडं वळायचं, उरलं-सुरलं दुसऱ्यांकडं जायचं. त्यानं त्याचा तोरा कधी मिरवला नाही. पण आपण पहिले आहोत हे माणसाला आत कुठं तरी माहीत असतं, आणि ते तिथून काढून नेलं की जागा रिकामी दिसते.

त्या आठवड्याच्या बाजाराला विमलबाई आली. स्टँडजवळ तिची खानावळ. बारा महिने दौलतरावची भाजी नेणारी बाई. ती आली, वाकली, त्याची जुडी उचलली, खाली ठेवली आणि दोन पावलं सरकून मारोतरावच्या पोत्यासमोर बसली.

"काहून वं विमलबाई," दौलतराव म्हणाला, "आमची ओळख मोडली का?"

"ओळख कायले मोडन, दौलतभाऊ. पन खानारे याचीच मागून राह्यले. म्हनतात, मामी, ते परवाची गोडवाली कर."

"आंबटचुका अन् गोड?"

"खाऊन पाहा ना. तुमच्या शेजारीच तं हाये."

मारोतराव नुसता हसला, तेही तोंड मिटून. तो जुड्या उचलून देत होता तेव्हा त्याचा उजवा हात मनगटातून जरा लटकल्यासारखा वाटला. पण दौलतराव हाताकडं बघत नव्हता. तो विमलबाईच्या भरत चाललेल्या पिशवीकडं बघत होता.

बाजार उठताना मारोतरावच्या पोत्यावरून गळालेलं एक पान त्याच्या पायाशी आलं. कोणी बघत नाही असं बघून त्यानं ते तोंडात टाकलं. आधी आंबट, आंबटचुका असतो तसंच. मग जिभेच्या मागच्या अंगाला, घशाच्या तोंडाशी, एक गोडवा. गुळाचा नाही, फळाचा नाही. थंड गोडवा, घंटेचा लोलक चाटल्यासारखा.

थुंकावं असं वाटलं. पण त्यानं ते गिळलं, आणि घरी जाईपर्यंत जीभ टाळूला लावून तो ते शोधत राहिला.

३

घरी राधिकाचे दिवस भरत आले होते. राधिका म्हणजे सून, स्वप्निलची बायको. स्वप्निल शेलूबाजारहून मंगरूळपीरला जीप चालवायचा, सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. तिचं पहिलं पोट टिकलं नव्हतं. त्या वेळी घरात कोणी मोठ्यानं रडलं नाही, पण दौलतराव पुढं कितीतरी दिवस मोटारीच्या खोलीत जाऊन बसायचा. आता ही दुसरी खेप. उपकेंद्रातली नर्सबाई म्हणाली होती, हिच्या अंगात रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या खाऊ घाला. हे दौलतरावनं मनावर घेतलं. भाज्या तर आपल्याच वाफ्यात आहेत. आपल्या वाफ्याचं खाऊन हे लेकरू वाढावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. रोज तो निवडून कोवळी जुडी आणायचा, आणि रोज राधिका दोन घास खाऊन ताट सरकवायची.

त्या दिवशी मात्र तो जेवायला बसला तर ती भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसत होती.

"आज जेवली माही बाई," तो म्हणाला. त्याला भरून आलं. "सकाळची जुडी लागली तोंडाले?"

राधिका खाली बघून हसली. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठ न वळवता म्हणाली, "तुमची नाई ते."

"मंग?"

"मारोतरावची. रुपाबाईनं देली." रुपाबाई म्हणजे मारोतरावची बायको. "पोरगी खाते म्हनून घेतली. आता ताटावर बसून तोंड पाडू नका."

"मी कायले तोंड पाडू."

"मामाजी, तुमचीबी चांगलीच असते," राधिका घाईनं म्हणाली. "हे जरा गोड लागते, एवढंच."

तो जेवला. हात धुतले. अंगणात जाऊन बसला. त्याला राग आला असं म्हणता येणार नाही, रागावणं त्याला जमतच नव्हतं. पण आपल्या घरातलं लेकरू शेजाऱ्याच्या मातीवर वाढतंय, हा विचार त्याच्यात कुसळासारखा शिरला. कुसळ दिसत नाही. कपडा अंगावर असेपर्यंत टोचत राहतं, तेवढंच.

४

नाल्याकाठच्या त्या मळेवाल्यांत एक रीत होती. कोणी नवा वाफा घातला, की ज्याचा वाफा चांगला पिकतो त्याच्याकडून घमेलंभर माती मागून आणायची आणि आपल्या मातीत मिसळायची. दुधाला विरजण लावतात तसं. मातीचं विरजणच म्हणत त्याला. पण ती मागावी लागे. देणारा स्वतःच्या हातानं घमेलं भरून देई आणि देताना त्या मातीचं खरं काय ते सांगे. कीड असेल तर कीड, खार फुटत असेल तर खार. ते ऐकल्याशिवाय माती डोक्यावर घ्यायची नाही. मुळात ती रीत त्या सांगण्यासाठीच होती.

दौलतरावला मागणं झालं नाही. मागायचं म्हणजे मारोतरावसमोर उभं राहून म्हणायचं, तुमची माझ्यापेक्षा चांगली आहे. ते शब्द त्याच्या तोंडात जमेनात.

मारोतराव हाताला काय झालंय ते दाखवायला अकोल्याला गेला, त्या दुपारी दौलतराव धुरा ओलांडून खालच्या तुकड्यात उतरला. ऊन पांढरं पडलं होतं. नाल्यावर एक बगळा सोडून जिवंत काही दिसत नव्हतं. त्यानं कडेच्या दोन झाडांच्या मधली माती पावड्यानं ओढली. मातीत काळ्या कठीण प्लास्टिकच्या चिपा होत्या, आणि मध्ये मध्ये राखाडी चुरा, बोटात धरला की बोटाला रंग लावणारा. घमेलं अर्धंच भरलं होतं तरी उचलवेना. ओल्या मातीचं वजन त्याला जन्मभर ठाऊक होतं. हे वजन मातीचं नव्हतं.

पाठ वळवताना त्याला वाटलं, पानं हलली. वारा नव्हता. त्यानं मागं बघितलं. सगळा आंबटचुका आपापल्या जागी उभा होता. फक्त पानं उन्हाकडं असायची ती त्याच्याकडं होती. तो आला तेव्हाही अशीच होती का? त्यानं आठवून बघितलं. येताना आपण पानांकडं बघितलंच कुठं, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं, आणि घमेलं पोटाशी धरून, थांबत थांबत, आपल्या अंगाला आला.

५

त्यानं ती माती एका वाफ्याच्या मधोमध मिसळली. त्या वाफ्यात आंबटचुका हातभर होताच. कापून टाकला, पाणी सोडलं आणि वाट बघत बसला.

फूट आली ती वेगळीच आली. शेजारचे वाफे अजून माती फोडत होते, तेव्हा याची पानं एकमेकांना लागली होती. सकाळी दव पडलं होतं. दौलतराव धुऱ्यावर बसला आणि कान देऊन ऐकू लागला. पलीकडं, टण्. अलीकडं काही नाही.

तो रोज ऐकायचा. एके सकाळी, उन्हं यायच्या जराशी आधी, त्याच्या अगदी गुडघ्याजवळ आवाज झाला. टण्.

घाबरायला पाहिजे होतं. त्याला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाची त्याची त्यालाच थोडी लाज वाटली.

त्यानं पहिली जुडी स्वतः निवडली, स्वतः धुतली. राधिका जेवायला बसली तेव्हा तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तिनं घास घेतला, थांबली, डोळे मिटले.

"आज मारोतमामाची आनली, आत्याबाई?"

"नाई वं," कस्तुराबाई म्हणाली. "आपलीच हाये. पाह्य, मामाजी कसे उभे हायेत, परीक्षेले बसल्यावानी."

राधिका खळखळून हसली. ती अशी तोंड उघडून क्वचित हसायची. दौलतरावही हसला. आणि हसता हसता त्याला दिसलं. तिच्या दातांच्या मुळाशी, हिरड्यांच्या अगदी काठावर, एक निळसर काळी रेघ होती. शाईच्या पेनानं बेतानं ओढावी तशी. एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत, कुठं न तुटता.

"बाई, काय खाल्लं? जांभूळ?"

"पौषात जांभूळ, मामाजी?" ती पुन्हा हसली, आणि रेघ पुन्हा दिसली.

मंजनाची असेल, तो मनात म्हणाला. कस्तुराबाईला विचारावं म्हणून तो तिच्याकडं वळला. ती चुलीपुढं बसून पदरानं तोंड पुसत होती आणि हसत होती. पण तिनं त्याला दात दिसू दिले नाहीत, की दिसायची वेळ आली तेव्हा त्यानंच नजर काढून घेतली, हे त्याला नंतर नीट आठवेना.

६

स्वप्निल एका संध्याकाळी लवकर आला. अंगणात जीप लावून चाकावर पाणी मारत होता. दौलतरावनं विचारलं, रस्त्याच्या कामाची ती राखेवानी माती कुठून उचलली होती रे.

"कोनती? मारोतमामाकडं टाकली ते?" स्वप्निल पाणी मारत राहिला. "वरच्या वळनावर जुनी शेड नव्हती का, बॅटऱ्या फोडायची? ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आनायचे, फोडायचे, आतलं शिसं वितळवायचे. तो मालक कधीचाच पळाला. ते आवार सगळं उकरलं न् टाकलं खाली."

"मंग त्याच्यावर पीक कसं येते एवढं?"

"पीक कोनत्याबी मातीत येते बा. झाडाले का जीभ हाये, हे नको म्हनाले? मुळीले जे लागन ते उचलते अन् आत भरून ठेवते. त्या शेडपाशी बकऱ्या चरायच्या ना, मुन्नाच्या. गवत चांगलं म्हनून. कशा झाल्या होत्या त्या, पाह्यलं नाई का तुमी?"

"नाई. कशा?"

"उभ्या राहायच्या नुसत्या. पुढचे खूर मागं दुमडून." स्वप्निलनं नळी खाली ठेवली. "तुमी काहून विचारून राह्यले?"

"सहज."

रात्रीच्या जेवणाला त्यानं भाजी घेतली नाही. सांगावं, असं प्रत्येक घासाला वाटत होतं. सांगायला गेलं की आधी हे सांगावं लागणार होतं की त्या वाफ्यात माती कुठून आली, कोणी आणली आणि का आणली. आणि भाजी बंद केली तर पोरगी पुन्हा ताट सरकवणार. किंवा मारोतरावची मागवणार. अर्धं घमेलं तर माती, त्यानं मनाशी धरलं. एवढ्याशा मातीनं काय होतं. कस्तुराबाई दह्याला विरजण लावत होती, दुधाच्या भांड्यात बोटाच्या टोकाएवढं. तो तिच्या बोटाकडं बघत राहिला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाणी प्यायला घरी आला. कस्तुराबाई विहिरीवर होती. घर गप्प होतं. दुपारच्या घराला एक गप्पपणा असतो, त्यात माशी फिरते, पत्रा तापून कडकतो. हा तसा नव्हता. कोणी तरी श्वास धरून बसल्यासारखा होता.

माठाजवळ तो वाकला आणि त्याला ऐकू आलं. टण्.

त्यानं माठाखाली हात घातला. कोरडं. मोरीकडं बघितलं. कोरडी. पुन्हा आवाज झाला, मधल्या खोलीतून. तिथं नळ नव्हता, माठ नव्हता. तिथं राधिका निजली होती.

सुनेच्या खोलीत सासऱ्यानं जायचं नसतं. तो दारातच थांबला. खिडकीला साडीचा पडदा होता, त्यातून हिरवा उजेड येत होता. राधिका बाजेवर कुशीवर होती, पोट उशीला टेकलेलं, चेहरा भिंतीकडं. तिचा एक हात बाजेबाहेर आला होता. कोपरापर्यंत सरळ, आणि मनगटातून खाली वळलेला, बोटं जमिनीकडं. दवानं जड झालेलं पान देठातून वळतं, अगदी तसा.

तो बघत असतानाच तिच्या बोटाच्या टोकाखाली फरशीवर वाजलं. टण्.

काही पडलं नव्हतं. फरशी कोरडी होती. त्यानं डोळे फाडून बघितलं, बोटही कोरडं होतं. झोपेत तिची कूस हलली, पोटाच्या आत काही तरी वळलं, पातळाखालून दिसण्याएवढं वळलं. ते वळत असताना तो आवाज आला नाही. वळून थांबलं आणि आला.

"राधिका," तो म्हणाला.

"हं, मामाजी." तिचा आवाज साधा होता, झोपेतला. "हात मुंगावला जरासा. उचलत नाई."

८

पावडं घ्यायलाही तो थांबला नाही. वाफ्यात गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी झाडं उपटायला लागला. आंबटचुका मुळासकट येतो, फार जोर लागत नाही. ही झाडं येईनात. पानं तुटून हातात यायची, खाली मूळ धरून राहायचं. त्यानं बोटं मातीत घातली. कडेची मुळं खाली जायच्या ऐवजी आडवी गेली होती. त्यानं दुसरी कड उकरली, तिथलीही तशीच. चारी अंगांची मुळं वाफ्याच्या मधोमध चालली होती, जिथं त्यानं ते अर्धं घमेलं मिसळलं होतं.

तो मधोमध उकरत गेला. ऊन पाठीवर होतं, तरी हाताला माती गार लागत होती. मुळं जाड होत गेली, एकमेकांत शिरत गेली, रंगानं राखाडी आणि वर एक बारीक चमक. मग एक गोळा हाताला लागला. मुळांचाच, विणल्यासारखा. पाठ बाकदार होती. खाली काही तरी दुमडून पोटाशी घेतलेलं होतं. त्यानं हात खाली घालून उचलून बघितलं. आकाराच्या मानानं फार जड होतं, आणि उन्हात पडलेल्या मातीत असूनही दवानं ओलं होतं.

त्याची दुसरी बाजू मातीकडं होती. दौलतरावनं ते वळवलं नाही. जिथं होतं तिथं हळूच ठेवलं आणि, का ते त्याला सांगता आलं नसतं, वर माती सारली.

सावली पडली म्हणून त्यानं वर बघितलं. धुऱ्यावर मारोतराव उभा होता. दोन्ही हात पुढं धरलेले, दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबत होते.

"अकोल्याच्या डॉक्टरनं विचारलं, खाता काय," मारोतराव म्हणाला. "रक्ताचा कागद काल आला. कालपासून मी बंद केली, रुपाची बंद केली, आज दुपारी खालचा तुकडा नांगरून घेतला. म्हने, शिसं हाये, अंगातून लवकर निघत नाई ते. हाडात जाऊन बसते." तो उपटलेल्या वाफ्याकडं बघत होता. "माह्या तुकड्यातून माती गेली, ते मले दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. मागितली असती तं सांगितलं असतं, दौलतराव. तेवढ्यासाठीच तं मागावं लागते."

 मातीचे हात दौलतरावनं मांडीवर पालथे ठेवले होते आणि ते उचलून बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"माही सून," तो शेवटी म्हणाला. "तिले रोज खाऊ घातली मी. उभं राहून. लेकराले काही होईन का, मारोतराव?"

 मारोतराव धुरा उतरून वाफ्यात आला, लहान मुलासारखा बसला. लोंबत्या हातानं एक पान खुडायला बघितलं. बोटं मिटली नाहीत. मग त्यानं मान खाली घातली आणि उभ्या झाडाचं पान दातांनीच तोडलं. डोळे मिटून तो बराच वेळ चावत राहिला. त्याचं तोंड उघडलं तेव्हा दातांच्या मुळाशी रेघ नव्हतीच, सगळी हिरडीच निळी होती.

"सगळं उपटू नका, दौलतराव," तो म्हणाला. "एक कोपरा माह्यासाठी राहू द्या. तुमची माह्यापेक्षा गोड निघाली."